कळंब्याची पेटी

मंगळवारी अकराच्या सुमाराला येते ती.
निळी, बर्फाची, झाकणावर खडूनं लिहिलेलं: जेल.
घेऊन येणारा शिपाई आनंदा चौगुले
दारातच थांबतो, हात लांब करून रजिस्टर देतो
आणि माझी सही होईपर्यंत
श्वास धरून उभा राहतो.
आधी मला हसू यायचं.

आत बारा डब्या. डबीवर नाव नाही, नंबर.
मी काचेवर थुंकी पसरते, ज्योतीवरून फिरवते,
तांबडा रंग, ॲसिड, मग निळा.
सव्वीस वर्षं हेच.
निळ्यावर तांबड्या बारीक काड्या,
कुणाच्या तरी हातून काडेपेटी सांडल्यासारख्या.
आज बारांत चार.

अख्ख्या उचगावातून महिन्यात एवढ्या निघत नाहीत.

"बराक साठाची हाय, मॅडम. झोपत्यात दीडशे.
कूस बदलायची तर सगळ्या रांगेनं एकदम.
खिडकी? हाय की. वर हाय, लांब."
एवढं बोलायला त्यानं श्वास सोडला होता,
ते लक्षात आल्यावर परत धरला.

नोव्हेंबरात एक नंबर सुटला.
सुटल्यावर त्याचं नाव झालं भैरू कोरवी.
उद्यमनगरातल्या कारखान्यातून तांब्याची तार,
किती, तर साडेतीन किलो, असा आरोप.
जामीन पंधरा हजाराचा,
पण सातबारा घेऊन कोर्टात उभं राहील असं
त्याच्या सात पिढ्यांत कुणी नव्हतं.
चौदा महिने. केस बोर्डावर यायची आणि पुढची तारीख घेऊन जायची.
मग एका गुरुवारी आदेश आला,
संध्याकाळी सातला फाटक उघडलं.
कंपाउंडर पाचलाच गेलेला.
गोळ्या आत राहिल्या, कार्ड आत राहिलं,
भैरू तेवढा बाहेर आला.

केएमटीत बसला. थंडी होती,
लोकांनी काचा लावून घेतल्या होत्या.
राजेंद्रनगरात दहा बाय दहाची खोली, माणसं सहा.
बायकोनं दार लावलं, वर फडकं कोंबलं,
वारं लागू नये म्हणून.
त्या रात्री सगळे त्याला चिकटून झोपले.
झोपणारच की.
चौदा महिन्यांनी बाप आला होता.

मार्चमध्ये नमुना आला, जेलच्या पेटीतून नव्हे,
बालविभागातून. आरोही भैरू कोरवी, वय चार.
एवढ्या लहान पोरांना थुंकता येत नाही,
खोकून आलेलं ती गिळतात.
मग पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालायची
आणि पोटातलं पाणी ओढून घ्यायचं.
ते करताना आई पाय धरते.
मी तिथं नसते. माझ्याकडं येतं ते नुसतं पाणी.

शंभर जागा बघितल्या. काही नाही.
आणखी शंभर.
मग कोपऱ्यात दोन.
दोनच.
भिंगावरून डोळा काढला आणि चष्मा पुसला,
परत बघितलं. होत्या.

तार भैरूनं चोरली का नाही
ते कोर्टाला अजून ठरवायचंय.
पोरीचं ठरलं. सहा महिने, रोज.

मी मोठी कोणी नाही. रिपोर्टवर दोन रकाने असतात,
आहे किंवा नाही. तिसरा रकाना
कुठून आलं याचा, तो छापलेलाच नाही.
पुढच्या मंगळवारी मात्र
रजिस्टर घेताना मी हात मागं घेतला आणि म्हटलं,
"चौगुले, इथं दोन मिनिटं श्वास धरून काय होतंय?
तुम्ही बारा तास आत असता.
घरी कोण कोण आहे?"
तो काही बोलला नाही. सही न घेताच वळला,
मग आठवण होऊन परत आला.

आज पेटी आली. मोजल्या. तेरा.
परत मोजल्या.
तेराव्या डबीवर नंबर नाही.
बॉलपेननं लिहिलेलं, बर्फाच्या पाण्यानं फुटलेलं नाव.
दारात बघितलं तर तो उभा,
तोंडावर रुमाल,
आणि रुमाल आत-बाहेर होत होता.